कीर्द आणि खतावणी

माझ्या वडिलांच्या हातच्या दोनच वह्या आतां माझ्यापाशीं उरल्या आहेत. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. तालुक्याच्या गांवीं एका भुसारी दुकानांत त्यांनीं तीस वर्षें हिशेब लिहिला. दुकान मोडलें तेव्हां मालकांच्या मुलानें जुन्या वह्यांचा ढीग रद्दींत काढला. त्यांतून या दोन त्यांनीं मागून घेतल्या. लाल कापडाची बांधणी, कसरीनें खाल्लेल्या कडा, आणि आंत तें किंचित् उजवीकडे झुकणारें एकसारखें अक्षर. लहानपणीं या वह्यांचें मला मोठें कोडें वाटे. दोहोंत माणसें तींच, आंकडे तेच, गूळ-शेंगदाण्यांचे व्यवहारहि तेच. मग एकच गोष्ट दोनदां लिहिण्याचा हा खटाटोप कशासाठीं? मीं एकदां तसें विचारलें. वडील म्हणाले, "काल काय झालें असें कोणीं विचारलें तर कीर्द उघडायची. तुकारामाकडे किती येणें आहे असें विचारलें तर खतावणी." आणि ते पुन्हां कीर्दींतला आंकडा खतावणींत उतरवूं लागले.

हें उत्तर त्या वेळीं मला कांहीं पटलें नाहीं. जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविल्यानंतर, पन्नाशीच्या घरांत, संगणकाच्या एका भाषेनें तें मला पटवून दिलें, आणि तेंहि एका मुलीच्या नुकसानीची किंमत घेऊन.

त्या भाषेचें नांव जावास्क्रिप्ट. २०२० सालीं वर्ग बंद झाले आणि घरीं बसून पडद्याकडे पाहात व्याख्यानें देण्याची पाळी आम्हां प्राध्यापकांवर आली. मोकळा वेळ पुष्कळ होता. माझी मुलगी या व्यवसायांत आहे, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जावास्क्रिप्ट शिका. विकत कांहींच घ्यावं लागत नाही." तें खरेंच होतें. आंतरजाल पाहण्यासाठीं आपण जो ब्राउझर वापरतों त्याच्या पोटांत ही भाषा आयतीच बसलेली असते. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेन्डन आइक या गृहस्थानें तिचें पहिलें रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. दहा दिवसांत केलेल्या वस्तूंत जे गुणदोष असावयाचे ते सारे तिच्यांत आहेत. आणि जगभरचीं पानें एकदां तिच्या आधारानें उभीं राहिल्यावर ते दोष उपटून काढणें कोणालाहि शक्य राहिलें नाहीं. जुन्या वाड्याला नवा जिना लावावा तशा तिला वर्षानुवर्षें नव्या सोयी जोडल्या जातात, पण अंधारी खोली पाडीत नाहींत, कारण तींत कोणी तरी राहात असतें.

या भाषेंत माहिती सांठविण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीला अ‍ॅरे म्हणतात. त्यांत नोंदी एकीमागून एक येतात आणि प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या जाग्यावरून पटते. फक्त मोजणी शून्यापासून सुरू होते, एवढी गोष्ट आमच्या वळणाला सोडून आहे. दुसरीला ऑब्जेक्ट म्हणतात. तेथें जागा विचारीत नाहींत, नांव विचारतात. नांव सांगावें, आणि त्या नांवापुढें जें लिहिलें असेल तें मिळवावें. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, पहिली कीर्द आहे आणि दुसरी खतावणी. माझ्या मात्र तें ध्यानांत यावयास तीन वर्षें लागलीं.

गंमत अशी कीं, या भाषेंत कीर्द हीहि पोटीं खतावणीच असते. 'टाइपऑफ' या शब्दानें अ‍ॅरेची जात विचारली तर उत्तर मिळतें, 'ऑब्जेक्ट'! अ‍ॅरेच्या नोंदींचीं नांवें '०', '१', '२' अशीं असतात, आणि त्यांच्या जोडीला 'लेंग्थ' नांवाची एक जागती नोंद असते. ती लांबीचा हिशेब आपोआप ठेवते. ही लांबी कोणीं शून्य केली तर सारी कीर्द एका क्षणांत कोरी होते. समोरची वस्तु खरोखर अ‍ॅरे आहे कीं नाहीं हें निश्चितपणें विचारण्याची सोय २००९ सालच्या पांचव्या आवृत्तींत झाली, म्हणजे भाषेच्या जन्मानंतर चौदा वर्षांनीं.

एका तऱ्हेंतून दुसरींत जाण्याच्या वाटाहि अशाच सावकाश बांधल्या गेल्या. त्याच २००९ सालीं 'ऑब्जेक्ट.कीज' आलें, त्यानें ऑब्जेक्टमधलीं नुसतीं नांवें यादीच्या रूपानें मिळूं लागलीं. त्यापूर्वीं ऑब्जेक्टची झडती घेतांना, कोणीं त्याच्या पूर्वजांना कांहीं दागिने घातले असले तर तेहि हातीं लागत, आणि स्वकष्टार्जित कोणतें व वडिलोपार्जित कोणतें हें प्रत्येक वेळीं निवडीत बसावें लागे. २०१७ सालीं 'ऑब्जेक्ट.व्हॅल्यूज' आणि 'ऑब्जेक्ट.एन्ट्रीज' अशा दोन सोयी झाल्या. पहिली नुसतीं मूल्यें देते. दुसरी नांव आणि मूल्य यांच्या जोड्या करून त्यांची यादी हातीं ठेवते. उलट वाटेनें जाणें, म्हणजे जोड्यांच्या यादींतून ऑब्जेक्ट घडविणें, यासाठीं 'ऑब्जेक्ट.फ्रॉमएन्ट्रीज' हें २०१९ सालीं आलें. एकाच शब्दांत कीर्दीची खतावणी! हा शब्द मला कळला त्या दिवशीं मला केवढा आनंद झाला होता, आणि त्याच शब्दानें माझा घात केला.

आमच्या महाविद्यालयांत अंतर्गत परीक्षेचे गुण वीसपैकीं देतात. त्या वर्षीं शेवटच्या वर्गांत एकाहत्तर विद्यार्थी होते. मी उत्तरपत्रिका हातीं येतील तशा तपाशीत गेलों आणि विद्यार्थ्याचें नांव व त्याचे गुण अशी जोडी यादींत लिहीत गेलों. उत्तरपत्रिकेवर मुलें आपलें नांव ठळक लिहितात, क्रमांक मात्र कोपऱ्यांत कसाबसा खरडलेला असतो. म्हणून मीं नांव घेतलें. वर पाठवावयाचा तक्ता क्रमांकवार लावलेला होता आणि त्यांत प्रत्येक क्रमांकापुढें नांव छापलेलें होतें. तेव्हां माझें काम सरळ होतें. यादीचा ऑब्जेक्ट करावयाचा, मग तक्त्यांतलें एकेक नांव घेऊन ऑब्जेक्टला विचारावयाचें आणि मिळालेले गुण पुढें भरावयाचे. पूर्वीं ज्या कामांत एक दुपार जाई तें एका पळांत झालें. एकाहत्तर ओळी, एकाहत्तर आंकडे, एकहि जागा रिकामी नाहीं. मीं तक्ता पाठवून दिला आणि चहा घेतला.

गुण जाहीर झाल्यावर एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. "सर, मला चारच गुण कसे?" तिनें विचारलें. माझें उत्तर आजहि मला शब्दशः आठवतें, आणि तें आठवलें कीं मान खालीं जाते. मी म्हणालों, "हें बघ, तक्ता मीं हातानें केलेला नाहीं, यंत्रानें केला आहे. यंत्राला तुझ्याशीं वैर असण्याचें कारण नाहीं." ती हलक्या आवाजांत म्हणाली, "पेपर सोपा गेला होता, सर." आणि निघून गेली. ती वाद घालती तर किती बरें झालें असतें! पण आमच्या मुली अजून वाद घालीत नाहींत. निदान खेड्यांतून आलेल्या घालीत नाहींत.

आठ दिवसांनीं दुसरी एक मुलगी आली. ती बसली नाहीं, वहीशीं चाळा करीत उभी राहिली. "सर, ते चार गुण माझे आहेत. तिचे सतरा होते. तुम्हीं पेपर दाखवले तेव्हां आम्हीं पाहिले होते." मीं तिचें नांव विचारलें. तिनें तें सांगितलें, वडिलांच्या नांवासकट आणि आडनांवासकट. तें अक्षरशः पहिल्या मुलीचेंच नांव होतें. दोघी एकाच गांवच्या, एकाच भावकींतल्या. आडनांव एक आणि चुलत्या-चुलत्यांचीं नांवेंहि एकच. वर्गांत त्यांना थोरली व धाकटी म्हणत असत. तीन वर्षें त्या माझ्या समोर बसत होत्या आणि मला तें ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं मीं मुलीला दूरध्वनि केला. सारी हकीकत ऐकून ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, फ्रॉमएन्ट्रीजला एकच नांव दोनदा दिलंत तर नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं. ते तक्रार करत नाही." तक्रार करीत नाहीं! मीं ताबडतोब मोजून पाहिलें. यादीची लांबी एकाहत्तर होती. ऑब्जेक्टला लांबी नसते; त्याच्या नांवांची पुन्हां यादी काढून ती मोजावी लागते. ती मोजली. सत्तर भरली. थोरलीची उत्तरपत्रिका मीं आधीं तपासली होती, धाकटीची मागाहून. सतराच्या जागीं चार येऊन बसले. पुढें तक्ता भरतांना ऑब्जेक्टला तें नांव दोनदां विचारलें गेलें आणि त्यानें दोन्हीं वेळां इमानानें चार असेंच सांगितलें. म्हणून एकाहत्तरांपैकीं एकहि जागा रिकामी राहिली नाहीं, आणि म्हणूनच मला शंका आली नाहीं. एखादी जागा कोरी राहिली असती तर मीं थांबलों असतों.

या प्रसंगाचा विचार करतांना मला वारंवार एक गोष्ट अस्वस्थ करते. गठ्ठ्यांतल्या दोन उत्तरपत्रिकांचा क्रम उलट असता तर? धाकटीच्या चारांवर थोरलीचे सतरा बसले असते, दोघींनाहि सतरा मिळाले असते, आणि माझ्या दाराशीं कोणी येण्याचें कारणच उरलें नसतें. कदाचित् धाकटी आली असती. ती ज्या तऱ्हेनें त्या दिवशीं आली त्यावरून तसें वाटतें. पण विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणाच्या भरंवशावर गुणांचे तक्ते करण्याचा अधिकार मला कोणीं दिला होता? आणि त्याआधींच्या दोन वर्षांत मीं याच रीतीनें जे तक्ते केले त्यांत असें कांहीं झालें नसेल कशावरून? मीं ते सारे पुन्हां काढून पाहिले. त्यांत कांहीं सांपडलें नाहीं; पण पाहात होतों तोंवर मला झोंप नव्हती.

चूक दुरुस्त होण्यास पांच आठवडे लागले. एकदां वर गेलेला आंकडा खालीं आणण्यासाठीं किती अर्ज, किती सह्या आणि किती हेलपाटे लागतात हें ज्यांनीं भोगलें आहे त्यांना सांगावयास नको. तेवढा काळ थोरलीचा निकाल अडकून राहिला, आणि एम्. ए. साठीं तिला जेथें अर्ज करावयाचा होता तेथील मुदत त्याच अवधींत टळली. ती आमच्याच महाविद्यालयांत राहिली. पुढच्या सत्रांत ती पहिल्या बाकावर येऊन बसूं लागली. मीं तिची क्षमा मागितली होती, आणि तिनें "असूं द्या, सर" असें म्हटलेंहि होतें. तरी हजेरी घेतांना तिच्या नांवापाशीं माझा आवाज कित्येक दिवस अडखळे.

यानंतर मीं नांवांचा नाद सोडला आणि क्रमांकच नांव म्हणून वापरूं लागलों. दोन मुलींचें नांव एक असेल, क्रमांक एक नसतो. येथें आपण सुरक्षित, असें मला वाटलें. एकदां विद्यार्थ्यांची गुणानुक्रमें लावलेली यादी मला हवी होती. सर्वांत वर बेचाळीस क्रमांकाची मुलगी, मग सात क्रमांकाचा मुलगा, मग एकोणीस, अशी ती होती. तिचा ऑब्जेक्ट केला आणि पुन्हां यादी काढली, तों सात, एकोणीस, बेचाळीस! माझा सारा गुणानुक्रम मोडून भाषेनें क्रमांकवार हजेरी लावून ठेवली होती. शोध केल्यावर नियम कळला. ऑब्जेक्टमधलें प्रत्येक नांव अक्षररूपच असतें; परंतु जीं नांवें पूर्णांकासारखीं दिसतात तीं चढत्या क्रमानें आधीं येतात, आणि बाकीचीं जशीं घातलीं असतील तशीं त्यांच्या मागून. त्यांतहि खोंच अशी कीं, '७' हा आंकडा मानला जातो आणि '०७' हें साधें नांव मानलें जातें. २०१५ सालच्या आवृत्तींत हा क्रम प्रथम लिहून ठेवण्यांत आला, आणि 'ऑब्जेक्ट.कीज'सारख्या सोयींना तो बंधनकारक झाला २०२० सालीं. तोंवर बहुतेक ब्राउझर तो रूढीनें पाळीत होते. रूढि आधीं आणि स्मृति मागाहून, हा क्रम आमच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना अपरिचित वाटूं नये.

हें सारें वाचतांना मला वडिलांच्या नोकरींतला एक पावसाळा आठवला. दुकानाच्या माळ्यावरून गळती लागून त्या सालची कीर्द भिजली. शाई पसरून तीन महिन्यांचीं पानें वाचेनाशीं झालीं. खतावणी पेटींत असल्यामुळें वांचली होती. वडील रोज रात्रीं कंदिलापाशीं बसून खतावणीवरून कीर्द पुन्हां लिहूं लागले. खतावणींत प्रत्येक रकमेपुढें ते मिति लिहीत, त्यामुळें दिवस सारे जुळले. पण दिवसाच्या पोटांतला क्रम गेला तो गेलाच. सकाळीं कोण आलें, दुपारीं कोण, आधीं रक्कम जमा झाली कीं आधीं माल उचलला गेला, हें खतावणीनें ठेवलेलेंच नव्हतें. त्यांतून एका गिऱ्हाइकाशीं तंटाहि झाला. तो म्हणे, मीं पैसे भरले आणि मग पोतें नेलें. मालक म्हणत, पोतें आधीं नेलेंस. वडिलांजवळ त्यावर उत्तर नव्हतें. "खतावणीवरून कीर्द होत नाही," असें ते त्यानंतर अनेकदां म्हणत. लहान मुलाला त्यांत काय कळणार?

मुलीनें मला मॅप नांवाची तिसरी तऱ्हा दाखविली. ती २०१५ सालापासून या भाषेंत आहे. मॅपमध्यें नोंदी जशा घातल्या तशाच राहतात, क्रमांक असोत वा अक्षरें असोत. माझा गुणानुक्रम आतां त्यांत सुखरूप राहतो. मात्र एक नांव दोनदां दिलें तर मॅपहि आधींचें मूल्य पुसतो. याबद्दल पूर्वीं मीं भाषेला दोष दिला होता. आतां देत नाहीं. एका नांवानें एकच वस्तु दाखवावी, हा तर नांव या कल्पनेचाच करार आहे. तो करार मोडला मीं. थोरली आणि धाकटी यांना एका नांवानें हांक मारली मीं. माझी तक्रार असलीच तर इतकीच कीं, पुसतांना भाषेनें एकदां खांकरावें.

वडिलांची खतावणी मीं या दृष्टीनें पुन्हां उघडून पाहिली. तुकाराम नांवाचीं तींत दोन खातीं आहेत. एकावर 'तुकाराम, वरची आळी' असें लिहिलें आहे, आणि दुसऱ्यावर 'तुकाराम सुतार'. आणखी कोठें 'लंगडा', कोठें 'घोडेवाला', कोठें 'जांवई' अशीं शेपटें नांवांना जोडलेलीं आहेत. हीं माणसें वडिलांना तोंडानें ठाऊक होतीं. नांवें सारखीं आहेत हें त्यांना खातें उघडण्यापूर्वींच माहीत असे. शिवाय प्रत्येक रकमेच्या डावीकडे बारीक अक्षरांत कीर्दीचें पान घातलेलें आहे. एका खात्यावर चाळीस रकमा असल्या तरी चाळीसहि एकाखालीं एक उभ्या आहेत. नवी रक्कम लिहितांना त्यांनीं जुनी खोडलेली नाहीं. खातें म्हणजे एका माणसाच्या नांवाखालची लहानशी यादीच. जावास्क्रिप्टच्या २०२४ सालच्या आवृत्तींत 'ऑब्जेक्ट.ग्रुपबाय' या नांवाची सोय आली, ती नेमकें हेंच करते. यादींतल्या नोंदी ती नांवाखालीं वाटते, पण एका नांवाच्या अनेक नोंदी असल्या तर त्यांची यादी करून सगळ्या ठेवते. कोणी कोणाच्या जागीं बसत नाहीं. ती माझ्या हातीं त्या वर्षीं असती तर थोरली आणि धाकटी एका नांवाखालीं, पण दोघी म्हणून, मला दिसल्या असत्या. भुसारी दुकानांतल्या कारकुनाला जें ठाऊक होतें तें या भाषेला एकोणतीस वर्षांनीं कळलें, असें मीं मुलीला गर्वानें सांगितलें. ती हंसून म्हणाली, "बाबा, पूर्वीं लोक तेंच चार ओळी लिहून करत होते. तुम्हीच केलं नाहीत." तेंहि खरें आहे.

हल्लीं माझ्या तक्त्याच्या कामांत पहिलें पाऊल मोजणीचें असतें. मूळ यादी किती आणि नांवें किती, हे दोन आंकडे समोरासमोर मांडावयाचे. ते सारखे नसले तर पुढें कांहीं एक न करतां थांबावयाचें आणि पडद्यावर 'मेळ बसत नाहीं' एवढे शब्द दाखवावयाचे. वडील रोज संध्याकाळीं पेटी मिटण्यापूर्वीं मेळ घालीत, त्यांचेच हे शब्द. गेल्या सत्रांत ते एकदां पडद्यावर उमटले. माझ्या छातींत धस्स झालें. पाहतों तों एका मुलानें पुरवणी वेगळी जोडली होती आणि मीं त्याची नोंद दोनदां केली होती, एकदां बारा गुणांची आणि एकदां पुरवणीसकट पंधरांची. मीं त्याला बोलावून उत्तरपत्रिका त्याच्यासमोर उघडली, गुण पुन्हां मोजले, आणि यादी पहिल्या ओळीपासून पुन्हां लिहावयास बसलों.